गाव, गावाचे नाव आणि गावाचा ठावठिकाणा

(हैदराबाद येथे मराठी वाचक व ग्रंथालय-कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ.)



अनुवादकाला व्याख्यानासाठी बोलावणे हे तसे धाडसाचेच काम आहे. त्याचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या वाक्यामागे उभे राहण्यात गेलेले असते आणि स्वतःचे वाक्य बोलायची वेळ आली की तो गोंधळून जातो. तरीही आपण आग्रहाने बोलावलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. विषय मीच निवडला आहे, तेव्हा त्याचा दोष आपल्याकडे नाही. भौगोलिक स्थळांचे वर्णन संगणकाला समजेल अशा रीतीने कसे करावे, आणि एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणच्या माहितीशी कशी जोडावी, असा हा विषय आहे. तो संगणकशास्त्राचा आहे आणि मी मराठीची एम. ए. आहे. मी या विषयाकडे यंत्राच्या वाटेने आले नाही. एका पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीच्या वाटेने आले, आणि तेही एक चूक केल्यानंतर. ती चूक आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी फाळणीच्या काळातील आठवणींचा एक इंग्रजी ग्रंथ मी मराठीत आणला. त्या ग्रंथात दोन हैदराबादे होती. एक आपण आज जिथे बसलो आहोत ते, मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये वसवलेले. दुसरे सिंधमधले, गुलामशाह कल्होडो याने १७६८ मध्ये वसवलेले. मूळ लेखकाला हा भेद पक्का ठाऊक होता आणि संदर्भावरून वाचकालाही तो कळत होता. पण सूची करताना मी काय केले? पानोपानी आलेल्या विशेषनामांच्या चिठ्ठ्या केल्या, त्या अक्षरानुक्रमे लावल्या, आणि 'हैदराबाद' या शब्दाखाली जेवढे पृष्ठांक जमले तेवढे एका ओळीत लिहून टाकले. निजामाचे पृष्ठांक, १९४८ च्या पोलीस कारवाईचे पृष्ठांक, आणि सिंधमधून निघालेल्या आगगाड्यांचे पृष्ठांक, सगळे एकाच ओळीत.

पुस्तक ग्रंथालयांत गेले आणि उल्हासनगरहून एका वृद्ध गृहस्थांचे पत्र आले. उल्हासनगर म्हणजे कल्याणजवळची जुनी लष्करी छावणी. तेथे सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला हे नाव मिळाले. पत्रलेखकांचे शिक्षण मराठीत झाले होते आणि त्यांच्या आईचे माहेर सिंधमधल्या हैदराबादचे होते. त्यांनी तक्रार केली नव्हती, एक साधा प्रश्न विचारला होता. आईच्या गावाविषयी या पुस्तकात काय आहे ते पाहावे म्हणून त्यांनी शेवटची सूची उघडली, आणि पहिली सात पाने उलटली ती सगळी निजामाची निघाली. तेव्हा आपले गाव शोधू पाहणाऱ्याने ते कोणत्या शब्दाखाली शोधावे, एवढेच त्यांना हवे होते.

त्या पत्राने मला फार खजील केले. ज्या माणसाचे गाव एकदा नकाशावरच्या रेषेपलीकडे गेले होते, ते मी सूचीत दुसऱ्यांदा हरवून टाकले होते. पुढे असे दिसले की, एका ग्रंथालयाच्या तालिकेनेही माझ्या सूचीवरून विषयनोंद करताना तीच सरमिसळ उचलली होती. छापलेली चूक अशी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर चालत जाते.

आता ही चूक निष्काळजीपणाची होती हे मी कबूल करते. पण तिच्या मुळाशी एक समजूत होती आणि ती बहुतेकांची असते. शब्द म्हणजेच वस्तू, ही ती समजूत. 'हैदराबाद' हा शब्द एक आहे म्हणून हैदराबादही एकच आहे, असे मी न बोलता धरून चालले होते. आपल्या खेड्यापाड्यांतली माणसे असे कधी धरून चालत नाहीत. एका नावाची दोन गावे शेजारी आली की ती एकाला बुद्रुक म्हणतात आणि दुसऱ्याला खुर्द. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे म्हणून बीड जिल्ह्यातले शिरूर कासार होते आणि लातूरमधले शिरूर अनंतपाळ होते. बाजारपेठ, जुना जहागीरदार, जवळचे मोठे गाव असे काहीतरी नावाला जोडून माणसे आपल्यापुरता घोळ मिटवतात. घोळ होतो तो दूर बसलेल्या माणसाचा. कळंब नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही आहे. दोन्हीकडच्या लोकांना त्याची काही अडचण नाही. अडचण आहे ती मुंबईत किंवा दिल्लीत बसून यादी करणाऱ्याची. त्यात ती यादी रोमन लिपीत असेल तर 'ळ' कुठेतरी गळून पडतो आणि कळंबचे कलंब होते.

टपाल खात्याला ही अडचण फार आधी जाणवली होती. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला, त्याच्या मागे हीच कारणे होती: सारखी गावनावे, अपुरे पत्ते आणि नाना भाषांत लिहिलेली पाकिटे. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मला नेहमी आनंद देते. शब्दावर प्रेम करणाऱ्या माणसालाच शब्दाच्या मर्यादा अधिक कळत असाव्यात. मात्र पिन कोड हा गावाचा क्रमांक नव्हे, तो टपाल वाटणाऱ्या कचेरीचा क्रमांक आहे. एका क्रमांकाखाली अनेक गावे येतात. पत्र पोहोचवण्यापुरते ते उत्तम आहे, पण गावाविषयी काही सांगायचे असेल तर ते पुरे पडत नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये 'लिंक्ड डेटा' म्हणजे जोडलेली माहिती या कल्पनेचे चार नियम मांडले. त्यांचा आशय असा की, ज्या वस्तूविषयी बोलायचे तिला एक स्वतंत्र ओळख द्या. ती ओळख महाजालावरच्या पत्त्याच्या रूपात द्या, म्हणजे कोणीही तिथवर जाऊ शकेल. तिथे पोहोचणाऱ्याला उपयुक्त माहिती मिळू द्या. आणि त्या माहितीतून इतरांनी दिलेल्या ओळखींकडे वाटा काढून द्या. माहिती लिहायची ती लहान लहान विधानांत, आणि प्रत्येक विधानाला तीनच अंगे असावीत: कोणाविषयी बोलतो, कोणता संबंध सांगतो, आणि तो कोणाशी. 'तेर, जिल्हा, धाराशिव' हे एक विधान झाले. 'तेर, नदी, तेरणा' हे दुसरे. मी अशा विधानाला मनाशी 'त्रिपदी' म्हणते. अनुवादकाला असे मोह होतातच.

या विधानांतील पदे कोणत्या जातीची आहेत आणि त्यांच्यात कोणकोणते संबंध संभवतात, हे आधी ठरवून ठेवणारा जो आराखडा, त्याला इंग्रजीत 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. तत्त्वज्ञानात आपण या शब्दाला सत्तामीमांसा म्हणतो, पण संगणकवाल्यांना एवढे गंभीर काही अभिप्रेत नसते. वैशेषिकांचा पदार्थविचार त्याला अधिक जवळचा आहे. जगात किती प्रकारच्या गोष्टी आहेत आणि अवयव व अवयवी यांचा संबंध कोणता, हे प्रश्न त्या परंपरेने फार बारकाईने हाताळले आहेत. आणि स्थळांच्या वर्गीकरणापुरतेच पाहायचे तर आपला अमरकोश आहेच. त्याच्या दुसऱ्या कांडाच्या आरंभी भूमिवर्ग, पुरवर्ग आणि शैलवर्ग येतात, तर पाण्याच्या शब्दांचा वारिवर्ग पहिल्या कांडातच येऊन गेलेला असतो. हे आठवले ते अशासाठी की, 'जिओनेम्स' नावाचा जगभरच्या स्थळनामांचा जो खुला संग्रह आहे, त्यात एक कोटीहून अधिक नोंदी आहेत आणि त्या सगळ्या नऊ वर्गांत विभागल्या आहेत: शासकीय विभाग, जलाशय व प्रवाह, प्रदेश, वस्त्या, रस्ते, इमारतींसारखी ठिकाणे, डोंगर, समुद्रतळ आणि वनस्पती. या वर्गांचे सहाशेहून अधिक पोटवर्ग आहेत. वस्त्यांतच पाहिले तर ओसाड पडलेली वस्ती, नष्ट झालेली वस्ती आणि ऐतिहासिक वस्ती यांना वेगवेगळे संकेत आहेत. अमरसिंहाने हे पाहिले असते तर त्याला परके वाटले नसते.

या संग्रहात आपल्या हैदराबादचा ओळखांक १२६९८४३ आहे आणि सिंधमधल्या हैदराबादचा ११७६७३४. दोन्ही क्रमांक रूक्ष आहेत आणि त्यातच त्यांचे मोल आहे. त्यांना लिपी नाही, उच्चार नाही आणि राजकारणही नाही. मुंबईचा क्रमांक १२७५३३९ आहे. १९९५ मध्ये शहराचे इंग्रजी अधिकृत नाव बदलले, पण असा क्रमांक अशा बदलातूनही तोच राहतो. बॉम्बे, बंबई, मुंबई ही त्याच क्रमांकाला जोडलेली नावे होत, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या भाषेतले आहे हे लिहिता येते.

याच संग्रहातली एक बारीक सोय मला फार आवडली. तेथे प्रत्येक स्थळाला दोन पत्ते असतात. एक त्या स्थळाचा आणि दुसरा त्या स्थळाविषयी लिहिलेल्या कागदाचा. प्रथम मला हा कीस काढण्याचा प्रकार वाटला. मग लक्षात आले की, गाव दोन हजार वर्षांचे असू शकते आणि त्याच्याविषयीचा कागद परवा लिहिलेला असू शकतो. 'हे कधीचे?' या प्रश्नाचे उत्तर दोघांच्या बाबतीत वेगळे आहे. माझ्या सूचीत मी गाव आणि शब्द एक केले होते. ज्याला गाव आणि कागद यांतही भेद करता येतो, त्याच्याकडून मला काही शिकण्यासारखे होते.

आता तेरकडे वळू. आपल्यापैकी अनेकांची मुळे मराठवाड्यात आहेत, तेव्हा तेरणाकाठचे हे गोरा कुंभारांचे गाव आपल्याला नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक आहे. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच या बंदराची हकीकत सांगताना तो म्हणतो की, तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर आहे. पैठणविषयी कोणाला शंका नव्हती. पण तगर कुठे? एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी ते कुठे कुठे नेले! कोणी देवगिरीला नेले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचवले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धारूरचा विचार केला. अखेर १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि ते पुढे मान्य झाले. जुन्या इंग्रजी कागदांत या गावाचे नाव 'थैर' असेही लिहीत, त्यामुळे शोध आणखी लांबला असला तर नवल नाही.

आता विचार करा की, १८८० मध्ये कोणी तगराची नोंद करायला बसला असता तर त्याने काय लिहिले असते? नाव आहे, ग्रंथातला आधार आहे, पण नकाशावर बिंदू नाही. आपल्या नेहमीच्या यादीत अक्षांश-रेखांशाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून माणूस अंदाजाने एक बिंदू ठोकून देतो. पुढच्या माणसाला तो अंदाज होता हे कळत नाही. त्याला तो पुरावा वाटतो.

प्राचीन जगाच्या भूगोलासाठी अमेरिकेत 'प्लेयडीज' नावाचा संग्रह चालतो. न्यूयॉर्क विद्यापीठाची प्राचीन जगाचा अभ्यास करणारी संस्था आणि चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्राचीन नकाशांचे केंद्र यांनी तो उभा केला, आणि २००० साली प्रसिद्ध झालेला बॅरिंग्टन अॅटलास हा त्याचा पाया आहे. त्याच्या आराखड्यात तीन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत: स्थळ, नाव आणि ठिकाण. स्थळ म्हणजे माणसांनी ज्याला एक जागा मानले ते. नाव म्हणजे कोणत्या तरी भाषेत, कोणत्या तरी काळात, कोणत्या तरी आधाराने मिळणारा शब्द. आणि ठिकाण म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा बिंदू किंवा आकृती. स्थळाला अनेक नावे असू शकतात किंवा एकही नसू शकते. त्याचे ठिकाण ठाऊक असेल किंवा नसेल. आणि हे नाव या स्थळाचे होय असे म्हणताना ते निश्चित आहे की अनिश्चित, हेही सांगावे लागते. १८८० मधल्या आपल्या नोंदकाराला अशी सोय असती तर त्याने तगराचे स्थळ नोंदवून ठिकाण मोकळे सोडले असते, आणि १९०१ नंतर दुसऱ्या कोणी तिथे तेरचा बिंदू जोडून पुढे फ्लीट यांचे नाव घातले असते. पहिली नोंद खोडावी लागली नसती.

तगराच्या नावाची आणखी एक गंमत आहे. ठाण्यात राज्य करणारे शिलाहार आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य कोकणात आणि बिरूद बालाघाटातल्या नगराचे! आपले मूळ घराणे तिथले, एवढाच त्याचा अर्थ. ताम्रपटात स्थळनाम सापडले म्हणून तो ताम्रपट त्या स्थळाचा, असे यंत्राने मानले तर सारे कोकण तेरणाकाठी येऊन बसेल. म्हणून संबंधांनाही नावे द्यावी लागतात. 'येथे कोरलेला', 'येथे सापडलेला', 'याचा उल्लेख करणारा' आणि 'या नावाचे बिरूद धारण करणारा' हे चार निरनिराळे संबंध आहेत. या विषयात हुशारी लागते ती बहुतेक अशाच ठिकाणी.

तेरचे गाव जागचे हलले नाही. त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर होते तिथेच आहे आणि गावच्या वस्तुसंग्रहालयात जुन्या व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. पण 'तेर कशात आहे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र सारखे बदलत आले. निजामी अमलात ते हैदराबाद संस्थानात होते. जिल्ह्याचे नाव आधी नळदुर्ग होते, नंतर उस्मानाबाद झाले. १९५६ मध्ये भाषावार फेररचना झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तेर जुन्या जिल्ह्यातच राहिले पण जिल्ह्याची आकृती बदलली. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. यातले प्रत्येक विधान आपापल्या काळापुरते खरे आहे. म्हणून नुसती त्रिपदी पुरत नाही, तिला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' ही दोन शेपटे जोडावी लागतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'विकिडेटा' या खुल्या ज्ञानसंग्रहात तशी सोय आहे. जुने विधान तिथे पुसायचे नसते. त्याला अखेरची तारीख लावायची आणि नवे त्याच्याखाली लिहायचे. जमिनीच्या दाव्यात, जातीच्या दाखल्यात किंवा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जुने नाव आले की, ही तारीख किती कामाची असते हे कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

उलट प्रकारही आहेत, म्हणजे नाव तेच राहते आणि गावच उठून जाते. हिमाचलमधले जुने बिलासपूर भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात बुडाले आणि त्याच नावाचे नवे शहर वरच्या अंगाला वसले. (दुसरे बिलासपूर छत्तीसगढात आहे, ते निराळे.) आपल्याकडे उजनी धरणात इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर वर येते आणि लोक पाहायला जातात. आता पळसदेवची नोंद कशी करायची? ते नष्ट झालेले नाही, कारण माणसे नव्या जागी त्याच नावाने नांदत आहेत. ओसाडही नाही. जुन्या गावठाणाला आणि नव्याला एकच ओळखांक द्यावा की दोन द्यावेत आणि त्यांच्यात 'पुढे चालू' असा संबंध लिहावा? मी दोन द्यावेत अशा मताची आहे, कारण वर्षातून काही दिवस का होईना, ते मंदिर आपल्या जुन्याच जागी उभे असते. पण विस्थापिताने आपले गाव एकच आहे असा आग्रह धरला, तर त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला वाटत नाही.

ठिकाणाच्या आकृतीविषयी थोडक्यात सांगते. एक जागा दुसरीच्या आत आहे, दोघींच्या सीमा भिडतात, त्या एकमेकींत शिरतात किंवा अगदी अलग आहेत, अशा संबंधांचे काटेकोर तर्कशास्त्र तयार झाले आहे. २०१२ मध्ये 'जिओस्पार्कल' नावाचा आंतरराष्ट्रीय मानदंड आला, त्यात स्थळ आणि त्याची आकृती ही पुन्हा दोन वेगळी पदे मानली आहेत. एकाच शहराला लहान नकाशावर बिंदू आणि मोठ्या नकाशावर सीमारेषा, अशा दोन्ही आकृती देता येतात. बाकीचा भाग गणिताचा आहे आणि तो मी गणित जाणणाऱ्यांवर सोपवते.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'तोच' हा आहे. दोन संग्रहांतल्या दोन नोंदी एकाच वस्तूविषयी आहेत असे सांगण्यासाठी या शास्त्रात एक संबंध ठरवलेला आहे, आणि तो फार कडक आहे. एकदा दोन नोंदी 'त्याच' ठरल्या की एकीविषयी जे खरे ते सारे दुसरीविषयीही खरे मानले जाते. आता 'हैदराबाद' या एका नावाखाली किती वस्तू आहेत पाहा. हे शहर आहे. शहराच्या नावाचा जिल्हा आहे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे निजामाचे संस्थान होते. १९४८ नंतर १९५६ पर्यंत भारतातले हैदराबाद राज्य होते. शिवाय सिंधमधले शहर आहेच. समजा, कोणी घाईने शहर आणि संस्थान यांच्यामध्ये 'तोच' असे लिहिले. यंत्र प्रामाणिक असते. ते म्हणेल, तेर हैदराबादेत होते, हैदराबाद मुसी नदीच्या काठी आहे, म्हणून तेर मुसीच्या काठी होते. हसण्यासारखे आहे खरे, पण माझ्या सूचीने याहून वेगळे काय केले होते? म्हणून सावध मंडळी 'तोच' ऐवजी 'जवळजवळ तोच' असा सौम्य संबंध वापरतात. २००९ मध्ये मान्य झालेल्या 'स्कॉस' या शब्दसंग्रहाच्या आराखड्यात तशी तरतूद आहे. अनुवादकाला हे सांगावे लागत नाही. त्याचा सारा धंदा 'जवळजवळ तोच' यावरच चालतो.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४० हजार खेड्यांना सहा अंकी क्रमांक दिले गेले. पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' राज्यापासून गावापर्यंत प्रत्येक विभागाला आपला संकेत देते. म्हणजे ओळखांकांचा तोटा नाही. तोटा आहे तो त्यांच्यात वाटा काढणाऱ्यांचा: जनगणनेचे गाव, महसुली गाव, ग्रामपंचायत आणि लोकांच्या तोंडातली वाडी ही एकच की वेगवेगळी, हे ज्याला ठाऊक आहे त्याने लिहून ठेवण्याचा. हे काम दिल्लीहून होणार नाही. आणि मराठी नावांच्या बाबतीत ते रोमन यादीवरून उलटे वाचूनही होणार नाही. तसे केल्याने कळंबचे काय होते ते मी मघाशी सांगितलेच. आपल्या ग्रंथालयात जुनी गॅझेटियरे आहेत, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका आहेत, देवस्थानांची माहितीपत्रके आहेत. त्यांतले एक-एक गाव घेऊन त्याचे नीट लिहिलेले नाव, त्याचा आधार आणि त्याचा काळ एवढे तीन धागे जोडले तरी एखाद्या दुपारचे काम होते. मला आवडणारे काम आहे. आपल्यालाही आवडेल असा माझा अंदाज आहे.

माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी सूची नव्याने केली. प्रत्येक स्थळाच्या चिठ्ठीवर नावाखाली ओळखांक लिहिला आणि मगच पृष्ठांक घातले. आता तिथे 'हैदराबाद (दख्खन), शहर', 'हैदराबाद (दख्खन), संस्थान' आणि 'हैदराबाद (सिंध), शहर' अशा तीन नोंदी आहेत. सिंधच्या नोंदीत 'नेरूनकोट पाहा' असे लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे, कारण जुने नेरूनकोट तेच असे परंपरा सांगते. चुकीची विषयनोंद उचललेल्या ग्रंथालयालाही मी पत्र लिहिले आणि त्यांनी ती नोंद दुरुस्त केली.

नव्या आवृत्तीची प्रत उल्हासनगरच्या गृहस्थांना पाठवली. त्यांचे उत्तर महिन्याभराने आले. अक्षर आधीपेक्षा थरथरते होते. सूची पाहून आनंद झाला असे त्यांनी लिहिले होते, आणि खाली एक ओळ होती: त्यांच्या आईचे घर ज्या भागात होते, ते हिराबाद सूचीत राहून गेले आहे. मी पुस्तक उघडून पाहिले. हिराबादचा उल्लेख पान ७३ वर आहे.